‘सैराट’ की ‘जैत रे जैत’?

सांगलीत भाचीच्या गॅदरिंगला गाणं कुठलं घ्यायचं, यावर घरात दोन दिवस खल चाललाय.

पकड ‘सैराट’ची (२०१६) लगेच बसते. ‘झिंगाट’चा ठेका सुरू झाला की शेवटची रांगसुद्धा उठते. पण ‘याड लागलं’मागचा तंतुवाद्यांचा मेळ अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेला; तो पेटी-तबल्यावर निघत नाही, ट्रॅक लावावाच लागतो.

‘जैत रे जैत’ १९७७चा. हृदयनाथांची चाल, महानोरांचे शब्द, आणि ‘नभ उतरू आलं’ गाणाऱ्या आशाताई तर सांगलीच्याच जन्माच्या! परवा लाईट गेल्यावर ताईनं मिरजेच्या तानपुऱ्यावर ते नुसतं गुणगुणलं, भाचीच्या हातातला घास तसाच राहिला. हे गाणं जन्मभर पुरतं. सूर कच्चा असला तर मात्र झाकायला काहीच नाही.

ग्रुपनं नाचायचं तर ‘सैराट’. भाची एकटी गाणार असेल तर ‘जैत रे जैत’, आणि रियाज आजपासून.