मेहरूण तलावाजवळचं विंटर पॉटरी वर्कशॉप: स्नोमॅन, भरताचं वांगं आणि तुटलेला कान

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी लेकीच्या हट्टापायी मी, ती आणि माझी जाऊ अशा तिघी जणी जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला एका ताईंच्या घरगुती पॉटरी स्टुडिओत जाऊन आलो. नाताळ स्पेशल होतं, म्हणजे चहा-कॉफीचे मग, झाडाला टांगायच्या चांदण्या, स्नोमॅन, आत पणती ठेवायची छोटी घरं असं सगळं हाताने करायचं. माणशी १२०० रुपये, तीन तास, प्रत्येकी दोन वस्तू, माती, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा रंगीत लेप), भाजणं सगळं त्यातच. आधी मला महागच वाटलं, बाजारात ३०० ला मग मिळतो की, पण तिथे बसल्यावर कळलं पैसे कशाचे आहेत ते.

शिकवतात मात्र एक नंबर. चाकावर नाही बसवत, पहिल्या दिवशी चाकावर बसलात तर नुसता चिखल होतो असं ताई म्हणाल्या आणि ते खरंच असणार. पोळीसारखी माती लाटायची, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून, म्हणजे जाडी एकसारखी येते, मग कापायचं आणि जोडायचं. जोडताना नुसतं चिकटवायचं नाही, दोन्हीकडे सुरीने बारीक रेघोट्या मारायच्या, पातळ केलेली माती लावायची आणि मग दाबायचं. माझ्या जावेला हे पहिल्याच झटक्यात जमलं, पुरणपोळी करणारे हात आहेत शेवटी. मी मात्र घाई केली, त्याचं फळ पुढे सांगते.

आता डिझाइनबद्दल. समोर सॅम्पल काय, तर बर्फाची घरं, रेनडिअर, सूचिपर्णी झाडं. अहो ताई, इथे कोणी बर्फ बघितलाय? आमची थंडी म्हणजे वेचायला आलेला कापूस, शेतातली भरीत पार्टी, मेहरूणची बोरं आणि सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे. मी सरळ म्हटलं मला स्नोमॅन नको, मी भरताचं वांगं करणार, आपल्या बामणोद गावचं. त्या हसल्या पण नाही म्हणाल्या नाहीत, उलट नीट समजावून सांगितलं की भरीव करू नका, आतून पोकळ करा आणि खाली छोटं भोक ठेवा, कारण जाड मातीत ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होते आणि वस्तू फुटते, शेजारच्यांच्या वस्तूही घेऊन जाते. लेकीने घर केलं, त्याला धुराडं लावलं, मी म्हटलं आपल्याकडे कुणाच्या घराला असतं गं धुराडं, तर जाऊ म्हणाली माझ्या आजीच्या धाब्याच्या घराला धूर जायला वरती भोक होतंच की. मी गप्प.

रंगाची गंमत वेगळीच. ग्लेझ लावताना ते खडूच्या पाण्यासारखं दिसतं, गुलाबी दिसणारं भाजून हिरवं निघतं, त्यामुळे डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, भाजलेले नमुने भिंतीवर लावलेत ते बघून निवडायचं. हिरवा तांब्यापासून, निळा कोबाल्टपासून. बूड मात्र स्पंजने स्वच्छ पुसायचं, नाहीतर ग्लेझ वितळून वस्तू भट्टीच्या फळीला चिकटते.

आता तक्रार. वस्तू २३ तारखेला देऊ म्हणाल्या होत्या, मिळाल्या २९ ला! नाताळ संपून गेला होता. लेकीने शेजारच्या मैत्रिणीला चांदणी द्यायचं कबूल केलं होतं, ती रुसून बसली. कारण विचारलं तर म्हणाल्या भट्टी विजेची आहे, मधेच लाईट गेली, पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली. लाईटचं मी समजू शकते बाई, खान्देशात राहते, पण एक फोन करायला काय झालं होतं? तसंही दोनदा भाजावं लागतं, आधी साधारण १००० डिग्रीला कच्चं, मग ग्लेझ लावून १२०० च्या वर, आणि दोन्ही वेळा भट्टी थंड व्हायलाच दिवस जातो, त्याआधी माती आठवडाभर सुकणार. म्हणजे डिसेंबरात वर्कशॉप ठेवून नाताळाचं वचन द्यायलाच नको होतं. तुम्हाला नाताळाला हवं असेल तर नोव्हेंबरातच जा.

आणि माझ्या मगचा कान सुकतानाच तडकला. इथल्या कोरड्या थंडीत कान लवकर सुकतो, मगचं अंग ओलं राहतं, मग दोघं वेगवेगळे आकसतात. प्लॅस्टिकने झाकायला हवं होतं, झाकलं नव्हतं, ही चूक त्यांची. रेघोट्या नीट मारल्या नव्हत्या, ही माझी. त्यांनी पैसे न घेता दुसरा मग करू दिला, तेवढं मात्र मानलं. आणि हो, मग थोडा मोठाच करा, सुकून-भाजून दहा-बारा टक्के आकसतो, जावेचा चहाचा मग आता कॉफीचाही राहिला नाही.

वांगं मात्र झकास निघालं, हिरवं, पांढरट पट्ट्यांचं, देठासकट. सासूबाईंनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, "हाई काय शे वं माय, खाता बी येत नई!" आता ते टीव्हीजवळ असतं, आल्या-गेल्याला त्याच उचलून दाखवतात.

निघताना मी ताईंना म्हटलं, आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आधी घागरीचं वर्कशॉप ठेवा, आम्ही पाचसहा जणी येतो. तर म्हणाल्या, घागर कुंभाराकडूनच घ्या, माझ्या भट्टीतली माती इतकी पक्की भाजते की पाणी झिरपतच नाही, मग गार कुठून होणार.