डेटा संपल्यावर काय? सांगलीत जास्त नेट वापरणाऱ्याने काय घ्यावं

परवाच्या २० तारखेला संध्याकाळी सहाच्या सुमारास माझ्या फोनचा दिवसाचा डेटा संपला. २० तारीख म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, भरायची शेवटची तारीख, आणि मार्केट यार्डातल्या चार हळद व्यापाऱ्यांची रिटर्न माझ्याकडे. ऑफिसची लाइट गेलेली, वायफायचा डबा बंद, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. '१०० टक्के डेटा वापरला' असा मेसेज आला आणि पोर्टलवरचं गोल चक्र फिरतच राहिलं. ओटीपी टाकला तर सेशन संपलेलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा चक्र. शेवटी खालच्या चहावाल्याच्या पोराकडून हॉटस्पॉट मागून घेतला आणि त्याच्याच बाकड्यावर बसून चारही रिटर्न भरली.

तेव्हापासून 'कुठला प्लॅन घेऊ?' असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: डेटा संपल्यावर वेग किती राहतो ते बघितलंस का? जाहिरातीत जीबी मोठ्या अक्षरात असतात आणि हा आकडा खाली बारीक अक्षरात.

रोजच्या १.५ किंवा २ जीबीच्या प्रीपेड प्लॅनवर मर्यादा संपली की वेग साधारण ६४ केबीपीएसवर आणतात. बीएसएनएलच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ४०. या ६४ चा अर्थ असा की सेकंदाला ८ केबी. एक एमबी उतरायला दोन मिनिटं, आणि व्हॉट्सॲपवर आलेली पाच एमबीची पीडीएफ उघडायला दहा मिनिटं. चोवीस तास सलग चालू ठेवलं तरी पुरता ७०० एमबीही उतरणार नाही. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी २ एमबीपीएस. हा वेग त्याच्या तिसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी, पण पॅकवर शब्द 'अनलिमिटेड'च. कायद्याच्या भाषेत खोटं नाही, कारण नेट बंद झालेलं नसतं. साधे मेसेज जातात, यूपीआय लागलं तर लागतं. बाकी हरी हरी.

घ्यायच्या आधी स्वतःचं दुखणं मात्र नीट ओळखायला हवं, कारण 'नेट स्लो आहे' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा डेटा संपलेलाच नसतो. टॉवरवर गर्दी असते. संध्याकाळी कॉलेज कॉर्नरला किंवा गणपतीत मंदिराभोवती उभं राहून बघा. ओळखायची खूण सोपी आहे. वेग मोजल्यावर आकडा ०.०६ एमबीपीएसला, म्हणजे त्याच ६४ केबीपीएसला, खिळून बसला असेल तर कंपनीने तुमच्या सिमचा नळ बारीक केलाय. तो कंपनीच्या मुख्य सिस्टिममधून होतो, त्यामुळे फोन बंद-चालू करा नाहीतर गच्चीवर जा, रात्री बारापर्यंत किंवा जादा डेटाचं रिचार्ज मारेपर्यंत काही हलत नाही. आकडा कधी चार, कधी अर्धा, कधी सहा असा नाचत असेल तर ती गर्दी किंवा रेंज. तिथे ५जी बंद करून ४जीवर आलात किंवा खिडकीशी गेलात तर फरक पडतो. आणि हो, वेग मोजण्याचं ॲप सारखं सारखं चालवू नका. चांगल्या ५जीवर एकच चाचणी काही सेकंदांत तीन-चारशे एमबी खाते. नेट का संपलं हे शोधण्यात माझ्या मावसभावाने नेट संपवलेलं आहे.

हा मावसभाऊ विश्रामबागला रूम घेऊन एमपीएससी करतो. त्याच्याकडे २ जीबीचा रोजचा प्लॅन. आठवड्यात दिवसाला एक जीबीही लागत नाही, कारण तो अभ्यासिकेत असतो. रविवारी मात्र सहा-सहा तास व्हिडिओ लेक्चर. तासाला एक जीबी धरली तरी जेवायच्या आत खेळ खलास. सोमवार ते शनिवार उरलेला डेटा रोज रात्री बाराला मरतो. रोजच्या मर्यादेचा हाच खरा तोटा: २८ दिवसांचे ५६ जीबी कागदावर दिसतात, पण गरज असते त्या दिवशी हातात दोनच. वोडाफोन-आयडियाच्या काही प्लॅनमध्ये आठवड्यात उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो आणि रात्री बारा ते सहाचं नेट मोजत नाहीत. अशा माणसाला ती सोय खरंच कामाची. पण आधी आपल्या खोलीत त्यांची रेंज येते का ते बघा. आणि २८ दिवसांचा प्लॅन वर्षात बारा नाही, तेरा वेळा भरावा लागतो. हिशेब करताना हे तेरावं रिचार्ज सगळे विसरतात.

दुसरा रस्ता अमर्याद ५जीचा. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हापासून जिओ-एअरटेलचं अमर्याद ५जी मुख्यतः रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनवर आलं. सांगली-मिरजेत, रस्त्यावर आणि मोकळ्या जागेत, पैशाला हा सगळ्यात भारी सौदा. गोम घरात आहे. जुन्या गावभागातल्या किंवा हरिपूरच्या जाड भिंतींच्या घरात फोन ५जीवरून गुपचूप ४जीवर घसरतो, आणि ४जीवर घसरला की रोजच्या २ जीबीचा काटा फिरायला लागतो. माणूस म्हणतो 'माझं तर अनलिमिटेड आहे' आणि साडेतीनला ६४ वर येऊन बसतो. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. इतक्या कमी फ्रिक्वेन्सीची लहर भिंतीतून बरी आत येते. पण तुमच्या खोलीत काय होतं ते तुमचाच फोन सांगेल. चार दिवस कुणा मित्राचं सिम घालून बघा, मग ठरवा. दुसरी गोम म्हणजे, काही कंपन्यांच्या अटींमध्ये 'अमर्याद' ची व्याख्या महिन्याला ३०० जीबीच्या आसपास थांबते. एकट्या माणसाला तेवढं पुरून उरतं. चार जणांचं घर हॉटस्पॉटवर चालवणाऱ्याला नाही.

पोस्टपेडबद्दल फार लिहीत नाही. डेटा महिन्याचा मिळतो, रोजचा नाही, काहींमध्ये उरलेला पुढच्या महिन्यात जातो. वापर अनियमित असेल तर बरं. पण ते महाग पडतं.

आता तार. केबलवाल्याचं फायबर असो किंवा मोठ्या कंपनीचं, इथे मर्यादा महिन्याला साधारण ३३०० जीबीच्या घरात असते, म्हणजे दिवसाला शंभराच्या वर. साध्या घराला ती कधी लागतच नाही. लागली तरी, तारेवरच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१६ मध्येच बजावलंय. ५१२ म्हणजे काही फार नाही, पण ६४ च्या आठपट. गल्लीतल्या केबलवाल्याकडे रात्री नऊला सगळे टीव्ही लावून बसले की वेग पडतो. त्याच्याकडे मर्यादा विचारण्यापेक्षा शेजाऱ्याला 'रात्री नऊला कसं चालतं?' हे विचारा. फायबरचं खरं दुखणं वेगळंच: लाइट गेली की डबा मरतो आणि गटाराच्या कामाला जेसीबी आला की तार तुटते. पहिल्यावर उपाय आहे. राउटरचा छोटा मिनी-यूपीएस हजार-दोन हजारात मिळतो आणि दोन-तीन तास काढतो. २० तारखेनंतर मी सगळ्यात आधी तोच घेतला. जेसीबीवर उपाय नाही.

जिथे तार पोहोचत नाही तिथे एअरफायबर, म्हणजे ५जी टॉवरवरून घरचं वायफाय. जिओ आणि एअरटेल दोन्हींच्या नेहमीच्या प्लॅनवर महिन्याला १००० जीबी; एअरटेलचा वेग त्यानंतर २ एमबीपीएसवर येतो, म्हणजे व्हिडिओ धडपडत का होईना चालतो. दिवसाला ३३ जीबी, घरच्या टीव्हीला भरपूर. तासगावकडचे माझे मामा मात्र याच्यात फसले असते. त्यांना द्राक्षबागेच्या शेडवर दोन कॅमेरे लावायचे होते, चोवीस तास रेकॉर्डिंग थेट क्लाउडवर. एक कॅमेरा १ एमबीपीएसने पाठवत राहिला तरी दिवसाला जवळपास ११ जीबी, महिन्याला सव्वातीनशे. दोन कॅमेऱ्यांतच हजारातले साडेसहाशे गेले, मग नातवंडांचे कार्टून कुठून चालायचे? त्यांना म्हटलं, मामा, रेकॉर्डिंग शेडवरच्या मेमरी कार्डात ठेवा, आणि माणूस हलला तरच वर पाठवा. खर्च फार वाढला नाही आणि एअरफायबरवरच भागलं.

मग माझं मत काय? घर सांगली-मिरज-कुपवाडात असेल आणि तार येत असेल तर घरी फायबर आणि फोनवर साधा रोजचा प्लॅन. फोनवरचं नेट बाहेरच्या गरजेपुरतं. तार येत नसेल तर एअरफायबर, पण आधी गच्चीवर ५जीची रेंज बघून. भाड्याच्या खोलीतल्या एकट्याला, खोलीत ५जी पक्कं मिळत असेल तर अमर्याद ५जी. मिळत नसेल तर चौघांत मिळून एक फायबर. मावसभावाने हेच केलं. घरमालकिणीने भिंतीला भोक पाडू देणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तार खिडकीच्या फटीतून आत आली. डबा चौघांच्या मधल्या खोलीत टांगलाय आणि महिन्याचे पैसे कुणी आधी भरायचे यावरून दर एक तारखेला भांडण होतं.