डीव्हीकॅम डेक आणि फायरवायर: सात महिने वापरल्यावर

गेल्या गुरुवारी एक्केचाळिसावी कॅसेट सत्तेचाळिसाव्या मिनिटाला आली आणि स्क्रीनवर ‘डिव्हाइस ऑफलाइन’. डेकमध्ये, म्हणजे डिजिटल व्हिडिओ कॅसेट चालवणाऱ्या यंत्रात, टेप फिरतेय, काउंटर पुढे सरकतोय, पण फायरवायर केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरच्या एडिटिंग सॉफ्टवेअरला काहीच पोचत नाही. सात महिन्यांतली ही नववी वेळ, म्हणून लिहायला बसलो.

डेक जुना घेतला, २२ हजारांना. रामबागेतला आमचा गणेशोत्सव, घरोघरची लग्नं-मुंजी, मीच काढलेल्या २००३ ते २००९ मधल्या ११० कॅसेट घरात होत्या. इथे इंदूरमध्ये त्या कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला कॅसेटमागे २०० रुपये सांगत होते. हिशेब तेवढाच येतो, शिवाय काम झाल्यावर डेक विकता येईल.

माझा सगळा राग डेकच्या मागच्या ४ पिनच्या फायरवायर सॉकेटवर. हरभऱ्याएवढं ते सॉकेट, त्यात ना खटका ना पकड. साडेचार मीटरच्या जाड केबलच्या वजनानेच प्लग खाली ओढला जायचा. कॅमेऱ्याला हे चालेल, दिवसभर चालणाऱ्या डेकला ६ पिनचंच हवं होतं. कॅप्चर, म्हणजे टेपवरचं कॉम्प्युटरवर उतरवणं, टेपच्याच वेगाने होतं, तासाच्या कॅसेटला तासच लागतो. मध्ये तुटलं तर टाइमकोडवरून, म्हणजे टेपवर नोंदलेल्या वेळेवरून, पुढचं उचलता येतं. पण मी जिथे शूटिंगमध्ये कोरी जागा सोडली होती तिथे टाइमकोड पुन्हा शून्यावर गेलाय आणि सॉफ्टवेअर तिथे गोंधळतं.

जेल रोडवर एकाला डेक दाखवला. न उघडताच म्हणाला, ‘पूरा बोर्ड जाएगा’, सात हजार. तसाच घरी घेऊन आलो. पोस्टकार्डाची घडी प्लगखाली सरकवली, केबल नाडीने डेकच्या पायाला बांधली. त्यावर दोन महिने निघाले!

वैतागून एकदा एव्ही केबलनेही कॅप्चर केलं. ते करू नका. आत्याच्या लाल शालूचा रंग काठाबाहेर ओघळलेला दिसला. फायरवायरने टेपवरचा डेटाच जसाच्या तसा उतरतो, सेकंदाला २५ मेगाबिट, तासाला साधारण १३ जीबी.

एक मत मात्र बदललं. कॅप्चर करताना चित्रातल्या मधल्या फ्रेम गळायच्या, त्याचा दोषही मी सॉकेटलाच देत होतो. कॉम्प्युटरमध्ये १३९४ चा, म्हणजे फायरवायरचा, जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर निवडला आणि फाइल बाहेरच्या डिस्कऐवजी आतल्या डिस्कवर घेतली. त्यानंतरच्या तीस कॅसेटमध्ये एकही फ्रेम गळली नाही. आणि २००५ च्या आरतीची कॅसेट! कॅमेऱ्यात तिच्यावर नुसते चौकोन दिसायचे. डेकवर ती स्वच्छ लागली, आजोबांच्या हातातल्या निरांजनाच्या पाचही वाती मोजता येतात. त्या संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीसमोर जमले होते. त्या एका कॅसेटसाठी मला २२ हजार जड वाटत नाहीत.

शुक्रवारी टिळकनगरच्या मित्राची केबल आणून लावली. पूर्ण कॅसेट अखंड उतरली. माझ्या केबलचं टोक भिंगाखाली धरलं तर एक पिन आत दबलेली. म्हणजे यावेळी तरी सॉकेट निर्दोष होतं. ६ पिनच्या टोकातून वीजही येते, तो प्लग उलटा दाबला तर पोर्ट जळतो. मी दोन्ही यंत्रं बंद करूनच केबल जोडतो.

एक्केचाळिसावी धरून ७० कॅसेट बाकी आहेत, याच डेकवर करणार. मित्राची केबल रविवारी परत द्यायची आहे. इंदूरमध्ये कुणाकडे ४ ते ६ पिनची, दीड मीटरची चांगली केबल पडून असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन.