फायनल फँटसी पहिला, पिक्सेल रीमास्टर: मंत्र मोजून खेळायचा खेळ

डिसेंबर १९८७ मध्ये स्क्वेअर कंपनीनं जपानमध्ये फॅमिकॉम या घरगुती व्हिडिओ गेम यंत्रावर काढलेला पहिला फायनल फँटसी आज त्याच्या मूळ रूपात खेळायला घेतला तर तासाभरात जीव मेटाकुटीला येतो. एकानं राक्षस मारला आणि दुसऱ्याला त्याच राक्षसावर वार करायला सांगून ठेवलं असेल, तर तो वार हवेत जायचा. औषधाच्या बाटल्या दुकानात एकेक करून घ्याव्या लागायच्या. टेम्पर आणि सेबर हे ताकद वाढवणारे मंत्र तर प्रोग्राममधल्या चुकीमुळं चालतच नव्हते, त्यांच्यावर खर्च केलेले पैसे पाण्यात. २८ जुलै २०२१ ला संगणकावर आणि मोबाईलवर आलेल्या पिक्सेल रीमास्टरनं, म्हणजे त्याच खेळाच्या नव्यानं बांधलेल्या आवृत्तीनं, हा सगळा काच काढून टाकला. वार आपोआप जिवंत शत्रूकडं वळतो, खरेदी एकदम होते, मंत्र चालतात. चित्रं नव्यानं काढली ती मूळ खेळाची चित्रं काढणाऱ्या काझुको शिबुया यांच्याच देखरेखीखाली, आणि नोबुओ उएमात्सु यांचं संगीत त्यांच्याच नजरेखाली पुन्हा बांधलं गेलं. जहाजावर चढल्यावर वाजणारी धून चांगला हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर ती मरते.

विकत घ्यावा का? घ्यावा. पण सेटिंगमधल्या बूस्टला हात लावू नये, आणि हेच सगळ्यात आधी सांगायला पाहिजे. नंतरच्या अपडेटमध्ये अनुभव आणि गिल, म्हणजे खेळातला पैसा, शून्यापासून चौपटीपर्यंत कमीजास्त करायची सोय आली. वाटेतल्या लढाया बंद करायचं बटणही आलं. चौपटीवर ठेवलं की पोट्टे दोन दिवसांत खेळ संपवतात आणि मग म्हणतात, यात काही दम नाही. दम कुठून राहणार? या खेळाची गोष्ट चार ओळींची आहे: चार योद्धे, चार विझलेले क्रिस्टल, चार राक्षस आणि शेवटी केऑस. खरा खेळ आहे तो मोजून नेलेल्या सामानावर गुहेत उतरून, काम करून, जिवंत बाहेर येण्याचा. सामान अमर्याद झालं की मागं फक्त चालणं उरतं.

हे नीट कळायला मंत्रांचा हिशोब समजून घ्या. नंतरच्या भागांसारखी जादूची एकच टाकी इथं नाही. मंत्रांच्या आठ पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीचे फेके, म्हणजे मंत्र टाकायच्या खेपा, वेगळे मोजले जातात, जास्तीत जास्त ९. पहिल्या पातळीचे फेके संपले तरी तिसऱ्या पातळीचे शाबूत असतात, पण एकाचे दुसऱ्याला उसने मिळत नाहीत. प्रत्येक पातळीचे चार मंत्र दुकानात असतात आणि एका जादूगाराला त्यातले तीनच ठेवता येतात. ते गिल मोजून घ्यावे लागतात, लेव्हल वाढली म्हणून फुकट येत नाहीत. फेके परत भरतात ते गावातल्या सराईत झोपल्यावर, किंवा उघड्या मैदानावर कॉटेज वापरल्यावर. तंबूनं फक्त जीव भरतो, मंत्र नाही. नवखे इथंच फसतात: गुहेच्या तोंडाशी तंबू ठोकतात, सगळ्यांचा जीव भरलेला बघून खुशीत आत जातात आणि दुसऱ्या मजल्यावर व्हाइट मेजकडं, म्हणजे जखमा भरणाऱ्या जादूगाराकडं, क्युअर या जीव भरणाऱ्या मंत्राचा एकही फेका उरत नाही.

चमूची निवड सुरुवातीलाच होते आणि पुढं बदलता येत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं वॉरियर (तलवारवाला), मंक (हातांनी लढणारा), व्हाइट मेज, ब्लॅक मेज (हल्ल्याचे मंत्र टाकणारा) घ्यावेत. वॉरियरचं चिलखत महाग पडतं, मंक तो खर्च भरून काढतो. काही लेव्हल गेल्यावर त्याच्या हातातलं ननचाकू काढून बघा. शस्त्रांच्या पानावर हल्ल्याचा आकडा दिसतो. रिकाम्या हातांचा आकडा वर गेला की शस्त्र विकून टाका. रेड मेज सुरुवातीला सगळ्यात भारी वाटतो, कारण त्याला तलवारही येते आणि दोन्ही रंगांचे मंत्रही. पण वरच्या पातळीचे बरेच मंत्र त्याला मिळत नाहीत, म्हणून उत्तरार्धात तो मागं पडतो. थीफ पुढं वर्ग बदलून निंजा झाल्यावर कामाचा होतो, तोवर त्याला सांभाळून न्यावं लागतं.

कॉर्नेलिया या पहिल्या गावात क्युअर, डाया, फायर आणि थंडर घ्या. डाया मेलेल्या, हाडांच्या शत्रूंवरच चालतो, पण केऑस श्राइन या पहिल्या मंदिरात त्याचा उपयोग होतो. गार्लंड हा पहिला बॉस आहे, दोन-तीन लेव्हल चढवून गेलात तर तो फार टिकत नाही. प्रावोका या बंदराच्या गावात चाच्यांची टोळी एकदम अंगावर येते, पण एकेक चाचा कच्चा आहे, एकेकावर सगळ्यांनी मिळून तुटून पडा. तिथं जहाज मिळतं. समुद्रात सहागिन, म्हणजे माशासारखे राक्षस, भेटले की थंडर. प्रावोकाच्या दुकानातून टेम्पर नक्की घ्या, आता तो चालतो.

मग एल्फहाइम हे गाव, आणि तिथून मार्श केव्ह ही गुहा, जिच्यातून मुकुट आणायचा आहे. या खेळातली पहिली खरी परीक्षा हीच आणि बहुतेक लोक खेळ सोडतात तेही इथंच. गुहा गावापासून लांब, नैऋत्येला. म्हणजे जाताना वाटेतच लढाया होऊन मंत्र खर्ची पडतात. आत विष देणारे विंचू-साप आहेत, आणि विष लागलं की गुहेत प्रत्येक पावलाला जीव कमी होतो. विष उतरवणारा पॉइझोना हा चौथ्या पातळीचा मंत्र आहे, या टप्प्यावर बहुतेकांकडं तो नसतो. म्हणून अँटिडोट किमान वीस घेऊन चला, आणि पोशन, म्हणजे जीव भरणारं औषध, त्याच्या दुप्पट तरी. क्रॉलर अंग आखडवतात, त्यांना आधी मारा. हिरवा स्लाइम शस्त्राला दाद देत नाही, त्याच्यावर तलवार घासत बसण्यात वेळ आणि जीव दोन्ही जातो, एक फायर पुरतो.

सगळ्यात मोठी गोष्ट परतीची. परतीची वाट सोपी करणारे टेलिपोर्ट आणि एक्झिट हे मंत्र पाचव्या-सहाव्या पातळीचे, ते अजून लांब आहेत. आत जितकं चाललात तितकंच पायी परत यायचंय. अर्धे क्युअर संपले आणि मुकुट अजून हाती लागला नसेल तर निमूटपणे माघारी फिरा. खालच्या मजल्यावर एकसारख्या खोल्यांची जाळी आहे, काही खोल्यांना कुलूप आहे, ती आत्ता उघडायची नाहीत. मुकुटाच्या पेटीला हात लावला की पिस्कोडेमन नावाचे राक्षस अंगावर येतात. ही लढाई ठरलेली आहे, टळत नाही. पेटीपाशी पोचण्याआधी सगळ्यांचा जीव भरा, क्विक सेव्ह करा, आणि ब्लॅक मेजचे तिसऱ्या पातळीचे फेके या लढाईसाठी राखून ठेवा. मंक किंवा वॉरियरवर टेम्पर टाकून एकेक पिस्कोडेमन संपवत जा. लेव्हल कमी पडत असेल तर एल्फहाइमच्या आसपास ओगर मारत फिरा, ते गिल आणि अनुभव दोन्ही बरे देतात. त्या गिलातून पुढं चौथ्या पातळीचा हेस्ट, म्हणजे वेग वाढवणारा मंत्र, घ्यायचाच आहे. हेस्ट आणि टेम्पर एकाच योद्ध्यावर पडले की अर्धेअधिक बॉस त्या दोन मंत्रांतच संपतात.

ऑटो लढाईचं बटण छान आहे, पण ते शेवटी दिलेला हुकूमच पुन्हा चालवतं. आधी चौघांनाही साधा हल्ला सांगून मगच ते चालू करा, नाहीतर ब्लॅक मेजचे मोलाचे फेके गॉब्लिनवर उडतात.

पुढच्या टप्प्यांपैकी आइस केव्ह तेवढी जपून. कॉकट्रिस दगड करतात, म्हणून गोल्ड नीडल जवळ ठेवा. जमिनीतल्या भगदाडात पडायला भिऊ नका, लेव्हिस्टोनकडं जायचा रस्ता तिथूनच आहे. तो दगड मिळाला की हवाई जहाज, आणि मग सारं जग मोकळं होतं. सिटाडेल ऑफ ट्रायल्समधून उंदराची शेपटी आणून बहामुत या ड्रॅगनराजाला दिली की सगळ्यांचा वर्ग बदलतो. हे लगेच करा, मागं ठेवू नका. आणि उडत्या किल्ल्यात चार राक्षसांपैकी एक असलेल्या तियामतकडं जाणाऱ्या शेवटच्या पुलाआधी क्विक सेव्ह करा. त्या पुलावर कधीमधी वॉरमेक हा यंत्र-राक्षस भेटतो, आणि तो तियामतपेक्षा जड आहे.

आता आपल्याकडच्या परिस्थितीचं. एकदा विकत घेऊन उतरवून घेतला की मोबाईलवर खेळायला नेट लागत नाही. जाहिराती नाहीत, आत पुन्हा पैसे मागणं नाही. रानडुकरांच्या भीतीनं रात्री जागलीला शेतात बसणाऱ्याला, जिथं रेंजची एक काडी येते न येते, तिथं हा खेळ पुरतो. लढाई आपल्या हुकमाची वाट बघत थांबते, त्यामुळं मध्येच उठून बॅटरी मारून यायलाही अडचण नाही. आपोआप सेव्ह होतं ते मजला किंवा ठिकाण बदलल्यावर. मधल्या मजल्यावर मोबाईल बंद पडला तर तेवढा मजला गेला, म्हणून चार्जिंग कमी दिसलं की क्विक सेव्ह हातानं करा. मे महिन्यात टिनाखाली दुपारी चार्जरला लावून खेळू नका. मोबाईल तापतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं, आधी चार्ज करून मग खेळलेलं बरं. लॅपटॉपवर खेळणाऱ्यांना वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही, फक्त लोडशेडिंगचा वेळ बघून बसा. स्टीमवर घेतलेला खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर १४ दिवसांत परत करता येतो, तेव्हा आधी गार्लंडपर्यंत खेळून ठरवा.

उणिवा आहेत. सुरुवातीला इंग्रजी अक्षरं इतकी बारीक आणि दाटीची होती की छोट्या पडद्यावर वाचवत नसत. नंतर जुन्या वळणाची अक्षरं निवडायची सोय आली, ती सेटिंगमध्ये जाऊन लगेच निवडा. मराठी किंवा हिंदी नाही, पण वाक्यं तोकडी आहेत, शाळेतल्या इंग्रजीवर निभावतं. फक्त गावातल्या प्रत्येकाशी बोला, कारण पुढं कुठं जायचं ते त्यांच्याच बोलण्यात असतं आणि खेळ दुसऱ्यांदा आठवण करून देत नाही. २००४ च्या गेमबॉय आवृत्तीत चार जादा गुहा होत्या, त्या इथं दिलेल्या नाहीत, आणि ही उणीव मला खरंच खटकते. खेळ संपल्यावर तयार चमूला करायला काही उरत नाही. नकाशावर प्रत्येक ठिकाणच्या किती पेट्या उघडल्या ते मात्र दिसतं, ते पूर्ण करणाऱ्यांना थोडं काम मिळतं.

पिक्सेल रीमास्टर झालेल्या पहिल्या सहा भागांचा संच एकदम घेण्याची घाई नको. पहिला वेगळा मिळतो, आणि सेलमध्ये तो स्वस्त होतो. मोबाईल बदलताना किंवा खेळ काढून टाकताना लक्षात ठेवा, केलेलं सेव्ह त्या मोबाईलमध्येच असतं. खेळ काढला की तेही गेलं.