टल्साची ग्रीनवुड वॉकिंग टूर: पोरांना नक्की न्या, फक्त दुपारची नको

आधी रेटिंग, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार कुठे गेला ते पुढे येईलच. टूरवाल्यांचं नाव देत नाहीये कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि धंदा छोटा आहे, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. ग्रीनवुडमध्ये चालत फिरवणारे बरेच जण आहेत, तुम्ही हे वाचून आधी फोन करून विचारा की तुमचा गाइड यातलं काय काय दाखवणार, आणि मग पैसे भरा.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी पटकन. टल्सा, ओक्लाहोमा, आमच्या डॅलसहून गाडीने चार-साडेचार तास. तिथे ग्रीनवुड म्हणून ब्लॅक लोकांची वस्ती होती, १९०६ च्या सुमारास ओ. डब्ल्यू. गर्ली नावाच्या माणसाने जमीन घेऊन सुरुवात केली आणि पंधरा वर्षांत हॉटेलं, थिएटर, डॉक्टर, वकील, दोन पेपर असं सगळं उभं राहिलं, लोक त्याला ब्लॅक वॉल स्ट्रीट म्हणायचे. ३० मे १९२१ ला डिक रोलंड नावाचा १९ वर्षांचा बूटपॉलिश करणारा पोरगा एका बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरला, लिफ्ट चालवणारी गोरी मुलगी किंचाळली, नेमकं काय झालं ते आजपर्यंत नक्की नाही, त्या मुलीने पुढे केस चालवायला पण नकार दिला. पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या पेपरात बातमी आली, रात्री कोर्टासमोर गोऱ्यांचा जमाव जमला, पोराला फासावर लटकवतील या भीतीने ब्लॅक माणसं बंदुका घेऊन त्याला वाचवायला गेली, त्यात पहिल्या महायुद्धातून परत आलेले सैनिक होते, तिथे गोळी सुटली आणि १ जूनच्या पहाटे जमाव ग्रीनवुडमध्ये घुसला. पस्तीस ब्लॉक जाळले. रेड क्रॉसने मोजलेली जळालेली घरं १,२५६. मेलेले सरकारी हिशोबात ३६, इतिहासकार म्हणतात ३०० पर्यंत असतील.

आता मुद्द्याचं. हे सगळं मोबाइलवर दहा मिनिटांत वाचून होतं, त्यासाठी चार तास गाडी हाकायची गरज नाही. ही टूर घ्यायची ती वेगळ्या कारणासाठी. आमच्या गाइड म्हणजे एक रिटायर्ड शिक्षिका, सत्तरीच्या असाव्यात, पायात स्पोर्ट शूज आणि हातात फायलींची पिशवी, आणि त्यांनी जळण्या-मारण्याच्या गोष्टी लवकर उरकल्या. उरलेला सगळा वेळ एकच धागा, ही एवढी मोठी गोष्ट पन्नास वर्षं दाबली कशी, कुणी दाबली, आणि कुणी परत उकरून काढली. मला वाटतं इतिहास शिकवायची हीच पद्धत पाहिजे. आग कशी लागली हे कळून पोरगं हळहळतं आणि विसरतं, पण पुरावा कसा गायब करतात हे एकदा दिसलं की पुढे पुस्तक वाचताना ते स्वतःच विचारायला लागतं, यात काय नाहीये म्हणून.

सुरुवातीलाच त्यांनी विचारलं की ओक्लाहोमाच्या शाळेत शिकलेले कोण कोण आहेत. निम्मा ग्रुप होता. मग विचारलं की यातल्या किती जणांना शाळेत हे शिकवलं. एका कॉलेजच्या पोराचा हात वर आला, बाकी पन्नाशी-साठीतले टल्सातच वाढलेले लोक नुसते बघत राहिले. बाई काही बोलल्या नाहीत, पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला आणि फिरवायला दिला.

तो कागद म्हणजे मघाशी म्हटलेल्या त्या दुपारच्या पेपरच्या, टल्सा ट्रिब्यूनच्या, ३१ मे १९२१ च्या पहिल्या पानाची मायक्रोफिल्मवरून काढलेली कॉपी. पानावर सगळं नीट, जाहिराती, बाकीच्या बातम्या, आणि मधेच एक रिकामी जागा. मायक्रोफिल्म करायच्या आधीच कुणीतरी ती बातमी फाडून काढलेली. बातमी नंतर दुसऱ्या प्रतीत सापडली, पण आतलं संपादकीय पान पण असंच फाडलेलं आहे आणि त्यात जे छापलं होतं असं म्हातारे लोक सांगायचे ते आजपर्यंत कुठेच मिळालेलं नाही. माझी लेक आठवीत आहे, ती त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ उभी होती, मागचे लोक थांबलेत याचं पण भान नाही. मी तिला कागद पुढे दे म्हटलं तर म्हणते, "बाबा, फाडणाऱ्याने वाचून फाडलं असेल ना?" हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं.

मग इन्शुरन्स. हा भाग मी याच धंद्यात नोकरी करणारा माणूस म्हणून जास्त कान देऊन ऐकला. घरं-दुकानं जळाली, लोकांनी क्लेम टाकले, कंपन्यांनी सांगितलं दंगल झाली तर पैसे मिळत नाहीत, पॉलिसीत लिहिलंय. त्याच महिन्यात ग्रँड ज्युरीने, म्हणजे कोर्टाने चौकशीसाठी बसवलेल्या नागरिकांच्या मंडळाने, ठरवून टाकलं की दंगल ब्लॅक लोकांमुळेच झाली. म्हणजे कागदावर दोष पण त्यांचा आणि नुकसान पण त्यांचं. एकाही गोऱ्या माणसाला खुनासाठी शिक्षा झाली नाही. वाचलेल्या हजारो लोकांना कन्व्हेन्शन हॉल आणि मैदानांत डांबून ठेवलं, सुटायचं तर कुणीतरी गोऱ्या मालकाने हमी घ्यायची, आणि नंतर शहरात फिरायला हिरवं ओळखपत्र बाळगायचं. वर पालिकेने नियम काढला की इथे परत बांधायचं तर आग न लागणाऱ्या सामानानेच बांधा, जे कुणालाच परवडणार नव्हतं. बी. सी. फ्रँकलिन नावाच्या वकिलाचं ऑफिस पण जळालेलं, तो तंबूत टेबल टाकून बसला आणि हा नियम कोर्टात नेऊन पाडला. तंबूतला तो फोटो बाईंकडे होता. त्याचाच मुलगा जॉन होप फ्रँकलिन, पुढे मोठा इतिहासकार झाला, जवळच त्याच्या नावाचं पार्क आहे, टूर तिथे जात नाही पण तुम्ही जा.

टूरचा जीव मात्र ग्रीनवुड अव्हेन्यूच्या फुटपाथवर आहे. तिथे जमिनीत धातूच्या पाट्या बसवल्यात, चालताना कळत पण नाहीत. प्रत्येकीवर एका धंद्याचं नाव, खाली १९२१ मध्ये नष्ट, आणि त्याखाली परत उघडलं किंवा परत उघडलं नाही. बास, एवढंच. बाईंनी पोरांना कामाला लावलं, ज्यांच्यावर परत उघडलं लिहिलंय त्यावर उभे राहा म्हणाल्या. पोरं पळत सुटली आणि मग हळूहळू पळणं थांबलं, कारण उभं राहायला पाटी शोधावी लागत होती, आमच्या लेकीला बराच वेळ मिळालीच नाही. कुठलं भाषण नाही, काही नाही.

तिथेच त्यांनी विल्यम्स सरांची गोष्ट सांगितली आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल झाले. लूला आणि जॉन विल्यम्स यांचं ड्रीमलँड थिएटर जळालं तेव्हा त्यांचा मुलगा शाळकरी होता. तोच मुलगा, डब्ल्यू. डी. विल्यम्स, पुढे बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायला लागला. १९५० च्या दशकात एकदा वर्गात बोलता बोलता सांगून गेला की या वस्तीत काय झालं होतं. तर डॉन रॉस नावाचा विद्यार्थी उठून म्हणाला, असं काही झालेलं नाही, मी इथेच वाढलोय, मला माहीत असतं. सरांनी वाद घातला नाही, नंतर फोटोंचा अल्बम आणून त्याच्यासमोर ठेवला. विचार करा, त्याच वस्तीतल्या ब्लॅक पोराला पण घरी कुणी सांगितलं नव्हतं, काही जण भीतीने गप्प, काही जण पोरांना परत तो त्रास नको म्हणून गप्प. तोच डॉन रॉस पुढे ओक्लाहोमाच्या विधानसभेत गेला आणि १९९७ मध्ये चौकशी आयोग नेमण्यात त्याचा मोठा हात होता, २००१ मध्ये रिपोर्ट आला. एका मास्तराच्या अल्बमपासून सरकारी रिपोर्टपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. आणि गाइड बाई स्वतः मास्तरीण असल्याने हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढतोच, ते मला आवडलं, पाठ केल्यासारखं वाटलं नाही.

चर्चबद्दल थोडक्यात. माउंट झायन बॅप्टिस्ट चर्च बांधून जेमतेम काही आठवडे झाले होते तेव्हा जाळलं, बांधकामाचं कर्ज तसंच डोक्यावर, आणि लोकांनी जळालेल्या इमारतीचं ते कर्ज वर्षानुवर्षं हप्ते भरून फेडलं. व्हर्नन चर्चचं तळघर मात्र वाचलं.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे हायवे. ग्रीनवुड लोकांनी परत बांधलं, चाळीसच्या दशकात परत गजबजलं, आणि मग साठच्या दशकाच्या शेवटी त्याच्या बरोबर मधून आय-२४४ काढला. हा भाग इतका महत्त्वाचा, दुसऱ्यांदा वस्ती मोडली ती बुलडोझरने आणि कायदेशीर, आणि बाई ते नेमकं पुलाखाली उभं राहून सांगतात, वरून ट्रक, निम्मं ऐकूच येत नाही. इअरफोन द्या ना राव, तीस डॉलर घेता माणशी. दुसरं, वेळेचा अंदाज चुकतो, शेवट अक्षरशः पळत होतो, आणि तेव्हा मेलेल्यांच्या बेनाव कबरी शोधायला ओकलॉन कबरस्तानात २०२० पासून जे खोदकाम चालू आहे, २०२४ मध्ये त्यात सापडलेल्या सी. एल. डॅनियल या सैनिकाची ओळख पटली, ते सगळं दोन वाक्यांत गुंडाळलं. तिसरं, दुपारची टूर घेऊ नका, सावली नाही.

आणि एक गोष्ट तक्रार म्हणावी की नाही ते कळत नाही. लेकीने बाईंना विचारलं की मग आता तरी शाळेत शिकवतात का. तर उत्तर जरा जपून आलं. ओक्लाहोमात मे २०२१ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षं होत होती तेव्हा, गव्हर्नर स्टिट यांनी एचबी १७७५ नावाच्या कायद्यावर सही केली. त्यात वंशामुळे कुणाला अपराधी किंवा अस्वस्थ वाटलं पाहिजे अशा प्रकारची शिकवण शाळेत द्यायची नाही असं आहे. टल्साचा इतिहास शिकवू नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, उलट राज्याच्या अभ्यासक्रमात तो आहे, पण कुठल्या पालकाला काय खटकेल आणि शिक्षकावर तक्रार होईल याचा भरवसा नाही म्हणून शिक्षक हात आखडता घेतात. २०२४ मध्ये फेडरल कोर्टाने त्यातला काही भाग थांबवला. बाई म्हणाल्या की नोकरीत असताना हे असं पाट्यांवर उभं करून शिकवायच्या आधी मी दोनदा विचार केला असता, आता रिटायर झालेय, आता बिनधास्त. मला वाटतं यावर टूरमध्ये वेगळी दहा मिनिटं हवीत, कुणीतरी विचारलं तरच निघतं हे बरोबर नाही. सोबतच्या एका गृहस्थांनी नाक मुरडलं, पोरांना उगाच कशाला म्हणाले, बाईंनी त्यांना शांतपणे विचारलं की १९२१ मधल्या पोरांचं वय काय होतं. गृहस्थ पुढे शेवटपर्यंत होते, गेले नाहीत, हे पण सांगायला हवं.

वयाचं म्हणाल तर दहाच्या खाली नेऊ नका, मारहाणीचे फोटो आहेत, बाई आधी सांगतात पण पोरं बघतातच. आठवी ते दहावी एकदम बरोबर. आधी ग्रीनवुड रायझिंग म्युझियम बघा आणि मग टूर घ्या, उलटं नको, कारण बाई बरंच काही तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतात. फक्त तिकीट आधी काढा, शनिवारी सकाळची बॅच लवकर भरते. आणि ग्रुपमध्ये ओक्लाहोमातले म्हातारे लोक असतील तर नशीब समजा, ब्रेकमध्ये पाणी पिताना ते जे आपापसात बोलतात ते टूरमध्ये नाही मिळत.