ईडेल आणि किंडर स्काउटसाठी नकाशा: ओएस एक्सप्लोरर ओएल 1, डार्क पीक

इंग्लंडमध्ये मँचेस्टर पिकॅडिली आणि शेफील्ड यांच्यामध्ये होप व्हॅली रेल्वेमार्गावर ईडेल नावाचं लहानसं स्टेशन आहे. जलद गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे थांबणारीच गाडी बघून बसावं लागतं. स्टेशनातून गावातल्या एकुलत्या रस्त्याने वर गेलं की ‘ओल्ड नॅग्ज हेड’ हा पब लागतो आणि तिथून 268 मैलांची पेनाइन वे ही पायवाट सुरू होते. चारी बाजूंना दगडी गडग्यांनी आखलेली कुरणं, उत्तरेला किंडर स्काउटचं पठार, दक्षिणेला मॅम टॉरची धार. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा शिकायला आलेल्या, सह्याद्रीत पाय मुरलेल्या मंडळींना हा भाग हमखास आवडतो. इथे फिरायला ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, म्हणजे ओएसचा, नारिंगी वेष्टनातला एक्सप्लोरर ओएल 1 घ्यावा. तो का घ्यावा आणि कुठे तोकडा पडतो, ते पुढे.

प्रमाण 1:25,000. म्हणजे नकाशावरचे 4 सेंटिमीटर जमिनीवर 1 किलोमीटर आणि 1 मिलिमीटर म्हणजे 25 मीटर. आपल्याकडे ट्रेकरांना सवय असते ती 1:50,000 च्या टोपोशीटची; त्याच्या दुप्पट मोठं हे चित्र. ओएसचाच गुलाबी वेष्टनातला लँडरेंजर 110 हाही ईडेल दाखवतो, पण 1:50,000 मध्ये. त्यात शेतांच्या हद्दी नसतात, आणि ईडेलच्या खोऱ्यात नेमक्या त्याच लागतात. गावातून अपर बूथ या वस्तीकडे जाताना वाट एका कुरणातून दुसऱ्या कुरणात शिरते. गवतावर पाऊलवाट दिसतेच असं नाही, मेंढ्यांच्या वाटा मात्र ढीगभर. एक्सप्लोररवर प्रत्येक हद्द बारीक काळ्या रेषेने दाखवलेली असते. ‘दुसरा गडगा ओलांडला, आता तिसऱ्याच्या डाव्या कोपऱ्याकडे’ असं मोजत गेलं की चूक लगेच लक्षात येते. दगडी भिंत, तारेचं कुंपण आणि झुडपांचं कुंपण या तिन्हींना मात्र रेषा एकच. फाटक कुठे आणि चढून ओलांडायच्या पायऱ्या कुठे, हेही नकाशा सांगत नाही. ते जागेवर शोधावं लागतं. खांबावरचा पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडावाटेचा.

या नकाशाची खरी किंमत त्यावरच्या हिरव्या तुटक रेषांत आहे. इंग्लंडमध्ये मोकळं रान दिसलं म्हणून कुठूनही चालता येत नाही. कुरण कुणाचं तरी असतं. आखूड हिरव्या तुकड्यांची रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाट, लांब तुकड्यांची म्हणजे घोडावाट. हिच्यावर पायी, घोड्यावर किंवा सायकलवर जाता येतं. हिरवे चौकट-ठिपके म्हणजे पेनाइन वेसारखी राष्ट्रीय वाट. 1949 च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना हक्काच्या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले आणि ओएसच्या हिरव्या रेषा त्यांवरूनच येतात. अशी वाट एखाद्या शेताच्या अंगणातून जात असेल तरी बिनधास्त जावं, फाटक उघडून पुन्हा लावावं.

काळी तुटक रेषा वेगळी. ती एवढंच सांगते की जमिनीवर वाट आहे. तिच्यावरून जायचा हक्क आहे की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही. नवखे इथेच गडबडतात. काळी रेषा जर फिकट पिवळ्या रंगाच्या पट्ट्यात असेल तर हरकत नाही, कारण तो पट्टा खुल्या प्रवेशाचा. 2000 च्या कायद्याने तिथे वाट सोडूनही पायी हिंडता येतं. किंडरचं पठार जवळजवळ सगळं असं पिवळं आहे. तेच काळं रेघोटं खाली खोऱ्यात, पांढऱ्या भागात दिसलं तर त्याच्या नादी लागू नये.

हा पिवळा रंग फुकटात मिळालेला नाही. किंडरवर पूर्वी शिकारीसाठी राखलेलं रान होतं आणि कामगारांना तिथे मज्जाव होता. 24 एप्रिल 1932 ला बेनी रॉथमन हा तरुण कार्यकर्ता आणि शेकडो चालणारे पठाराच्या पश्चिमेकडच्या हेफील्डहून मुद्दाम आत घुसले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट, ज्यात हा सगळा भाग येतो, हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. ज्यांनी हे मिळवून दिलं त्यांचं ऋण मानावं आणि नियम पाळावेत: 1 मार्च ते 31 जुलै या काळात खुल्या रानात कुत्रा 2 मीटरपेक्षा आखूड दोरीवरच हवा, कारण तेव्हा जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि मेंढ्यांची कोकरं असतात.

आता एक वाट नकाशावर लावून पाहू. ईडेल, अपर बूथ, जेकब्ज लॅडर हा खडा चढ, आणि पठारावरचं किंडर लो. अंतर साडेसहा किलोमीटरच्या आसपास, चढ 400 मीटरच्या जरा खाली. विल्यम नेस्मिथचा 1892 चा हिशोब अजून चालतो: 5 किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे इथे दोन तास, विश्रांती धरून अडीच. जेकब्ज लॅडरजवळ कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, एकदम दाटतात. एक रेषा 10 मीटरची, दर पाचवी ठळक. जुन्या आवृत्तीत किंवा जुन्या पुस्तकात पेनाइन वे ग्राइंड्सब्रुकच्या घळीतून वर चढून पठारावरून थेट गेलेली दिसेल. पायांनी जमीन फार उघडी पडल्यामुळे अधिकृत वाट जेकब्ज लॅडरकडे वळवली. घळीतून आजही जाता येतं, पण वरच्या टप्प्यात हात टेकून दगड चढावे लागतात, पावसात टाळावं.

नकाशा तोकडा पडतो तो वर पोचल्यावर. पठार पीटचं, म्हणजे शतकानुशतकं कुजून साठलेल्या वनस्पतींच्या काळ्या, पाण्याने भिजलेल्या थराचं. त्यात पाण्याने कापलेल्या वेड्यावाकड्या चरांना इथे ‘ग्रफ’ म्हणतात. पुष्कळ चर उभा माणूस दिसेनासा होईल इतके खोल असतात. 10 मीटरच्या कंटूरला तीन मीटरचा चर कसा सापडणार? नकाशावर तिथे नुसता सपाट पिवळा कागद दिसतो. चरात उतरलं की समोरचं दिसत नाही, चर वळेल तसे पाय वळतात, आणि बाहेर येईपर्यंत दिशा बदललेली असते. धुक्यात लोक चुकतात ते याच कारणाने. किंडरचा 636 मीटरचा सर्वोच्च बिंदू असाच पीटच्या मधोमध, ओळखू न येणारा आहे. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. 633 मीटरवरचा किंडर लोचा पांढरा सर्वेक्षण-खांब गाठावा आणि तिथून कडेकडेची वाट धरावी: नो स्टूल, क्राउडन टॉवर, ग्राइंड्सलो नोल आणि खाली ईडेल. उजव्या हाताला उतार सतत राहिला पाहिजे. ही काळी तुटक रेषा आहे, पण पिवळ्या पट्ट्यातली.

सोबत 1:25,000 ची पट्टी असलेला साधा बेसप्लेट कंपास ठेवावा. जुन्या पुस्तकांत चुंबकीय उत्तरेसाठी बरेच अंश वजा-बेरीज करायला सांगितलेलं असतं. या भागात आता नकाशाच्या आणि कंपासच्या उत्तरेतला फरक एका अंशाच्या आसपास आहे, सोडून दिला तरी चालतो. ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागेचा आकडा, देता आला पाहिजे. आधी डावीकडून उजवीकडचा आकडा, मग खालून वरचा: किंडर लोचा खांब एसके 079 870 (एसके हे मोठ्या चौकटीचं नाव). सहा आकडे म्हणजे 100 मीटरचा चौकोन. अडचण आली तर 999 किंवा 112 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. हा ग्रिड संदर्भ ते आधी विचारतात.

आणखी एक गोंधळ नावांचा. या खोऱ्यात पाच बूथ, म्हणजे वस्त्या, आहेत: अपर, बार्बर, ग्राइंड्सब्रुक, ऑलरब्रुक, नेदर. पब आणि चर्च असलेली वस्ती नकाशावर ग्राइंड्सब्रुक बूथ म्हणून शोधावी. रेल्वेरूळ दिशा कळायला उत्तम, पण बार्बर बूथच्या पश्चिमेला ते काउबर्न बोगद्यात जातात. तिथून पुढे नकाशावर रूळ तुटक दिसतात. जमिनीवर शोधू नयेत.

कागदाबद्दल तक्रार आहे. नकाशा दोन्ही बाजूंनी छापलेला आणि उघडला की हात पुरत नाहीत. मॅम टॉरच्या धारेवर वाऱ्यात तो उलटायला गेलात तर घडीवर फाटणारच. म्हणून आदल्या रात्री लागणारा भाग वर येईल अशी घडी घालून पारदर्शक पिशवीत सरकवावा. ‘ॲक्टिव्ह’ ही प्लास्टिकचा थर दिलेली आवृत्ती पावसात टिकते, पण महाग, जाड आणि घडीला हट्टी. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने साधा कागद आणि पिशवी घ्यावी. दर महिन्याला जाणाऱ्याला ॲक्टिव्ह परवडतो. हार्वी कंपनीचा 1:40,000 चा डार्क पीक नकाशा न फाटणाऱ्या कागदावर आहे, हलका आहे, आणि पठारावर वाचायला मला तो अधिक सुटसुटीत वाटतो. पण कंटूर 15 मीटरचे, आणि खालच्या कुरणांत एक्सप्लोररइतकी मदत होत नाही.

नवीन नकाशाच्या वेष्टनाच्या आत खरवडून काढायचा कोड असतो. तो ओएसच्या ॲपमध्ये घातला की हाच नकाशा फोनवर येतो. घरून निघण्यापूर्वीच उतरवून ठेवा, कारण खोऱ्यात सिग्नलचा भरवसा नाही. सिग्नलशिवाय जीपीएस तुमचा ठिपका दाखवतं, पण न उतरवलेला नकाशा त्याच्याखाली रिकामाच राहतो. कोड एकदाच चालतो. जुना नकाशा स्वस्तात मिळत असेल तर ती पट्टी खरवडलेली आहे का ते बघा, आणि आत पिवळा पट्टा छापलेला आहे की नाही तेही. पट्टा नसेल तर ती आवृत्ती खुल्या प्रवेशाच्या आधीची. ती घेऊ नका.