जुन्या ट्रॅक्टरचा क्लच: प्लेटला लायनिंग मारायचं का पूर्ण किट टाकायचं?

पोळा झाला की आपल्याकडे जुने ट्रॅक्टर खोलायचा सीझन सुरू होते, कारण पुढं सोयाबीनचं थ्रेशर अन् मंग कापसाची ट्रॉली. ज्याचा क्लच घसरून राह्यला तो एकच विचारते, भाऊ, जुन्या प्लेटलाच लायनिंग मारू का नवीन किट टाकू? लायनिंग म्हणजे प्लेटवर रिव्हेटनं ठोकलेला घर्षणाचा थर, अन् किट म्हणजे प्लेट अन् तिले इंजिनच्या फ्लायव्हीलवर (जड चाकावर) दाबून धरणारं कव्हर, सगळं नवीन. आमच्या घरच्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरवर मी नुसतं लायनिंगही मारून पाह्यलं अन् दोन्हीच्या मधला रस्ताही, म्हणून लिहितो.

पहिले खोलायची गरज हाय का ते पाहा. पेडल हातानं दाबा, वरचा साधारण इंचभर हलका गेला पाहिजे, मंग जोर लागला पाहिजे. लायनिंग झिजत गेलं की ही ढिलाई कमी होत जाते अन् शेवटी पेडलनं सरकणारं रिलीज बेअरिंग कायम कव्हरच्या पंजांवर (क्लच सोडवणाऱ्या दांड्यांवर) टेकून राह्यते, म्हणजे तुम्ही पाय न ठेवता क्लच अर्धा दाबलेलाच. बरेचदा खालचा रॉड सेट केला की काम भागते. ढिलाई बरोबर असून वरच्या गिअरमध्ये ट्रॉली ओढताना इंजिनचा आवाज चढते पण गाडी पळत नाही, जळका वास येते, तर मंग खोला. अन् क्लच हाऊसिंगच्या खालच्या भोकातून ऑइल टपकते का तेही पाहा, टपकत असंल तर ते इंजिनचं का गिअरबॉक्सचं हे वळखून त्या बाजूचं सील बदला, नाहीतर नवी प्लेटही तेलात भिजून जाईन.

आता खरा मुद्दा. या गाड्यांत इंजिन अन् गिअरबॉक्स एकमेकाले सरळ बोल्टनं जोडलेले अन् क्लच मधात, म्हणजे हातभर प्लेटसाठी अख्खा ट्रॅक्टर मधून खोलून दोन भाग करावे लागतात. ती मजुरी लायनिंगलाही तेवढीच अन् किटलाही तेवढीच. म्हणून नुसती प्लेटची किंमत पाहून ठरवू नका, पुन्हा खोलावं लागलं तर काय, ते पाहा.

आम्ही पहिल्यांदा नुसतं लायनिंग मारलं. मिस्त्रीनं रिव्हेट चांगले ठोकले होते, त्याची चूक नाही म्हणत, पण कव्हरच्या स्प्रिंगा जुन्या, उष्णतेनं बसलेल्या, अन् कव्हरमधली प्रेशर प्लेट (क्लच प्लेटवर दाबणारी लोखंडी चकती) कोणी तपासलीच नाही. ऐन कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावर चढावर ट्रॉली भरून उभे राह्यलो. खोललं तर फ्लायव्हीलवर रिव्हेटच्या दोन गोल रेघा, नख फिरवलं तर अडकत होतं, अन् प्रेशर प्लेटवर निळे डाग, मधात खोलगट. अशा लोखंडावर कितीही चांगलं लायनिंग असो, सगळीकडून टेकतच नाही.

पण म्हणून डोळे मिटून पूर्ण किट घ्या असंही नाही म्हणत. स्वस्त किटचं कव्हर मी हातात घेऊन पाह्यलं, आमच्या जुन्या कव्हरच्या मानानं हलकं वाटलं. म्हणून दुसऱ्यांदा मी मधला रस्ता घेतला, अन् माझं मत तेच हाय: प्लेट चांगल्या कंपनीची नवीन, रिलीज बेअरिंग अन् पायलट बेअरिंग (फ्लायव्हीलच्या मधातलं) नवीनच, पण कव्हर जुनंच, त्याच्या स्प्रिंगा बदलून, प्रेशर प्लेट अन् फ्लायव्हील लेथवर साफ करून, पंजांची उंची सारखी सेट करून. लेथवाल्यानं तडा हाय म्हटलं किंवा प्रेशर प्लेट जास्तच पातळ झाली तर मंग जुन्याचा मोह सोडा अन् किट घ्या.

गाडी कोणती यावरही हाय. मॅसीचं सामान अजून सहज भेटते. एचएमटी २५११ वाल्यांनी मात्र जुनं काही भंगारात देऊ नका, झेटर या परदेशी कंपनीच्या तंत्रावर १९७१ मध्ये पिंजोरला सुरू झालेला एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तिथं जुनी हब (प्लेटचा मधला भाग) जपून लायनिंग मारणंच शहाणपणाचं, फक्त हबच्या स्प्रिंगा हातानं हलवून पाहा, खुळखुळत असतील तर नको.

डबल क्लचवाल्यांले कोणी सांगतील की पीटीओची (थ्रेशर, रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) प्लेट काढून सिंगल करून घ्या, खर्च वाचते. नुसतं वखरणी अन् ट्रॉली असंल तर चालून जाईन. पण थ्रेशर, रोटाव्हेटर असंल तर बिलकुल नको. डबलमध्ये पेडल अर्धं दाबलं की गाडी थांबते अन् पीटीओ फिरत राह्यते. सिंगलमध्ये दोन्ही थांबतात, मंग ओल्या काळ्या मातीत रोटाव्हेटर चालवताना प्रत्येक वळणावर जीव जाते.

घरी खोलत असाल तर पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूला लाकडी पाचर ठोकल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करू नका, ॲक्सल मधल्या पिनवर झुलते अन् इंजिन आडवं पडते. माणूस खाली असंल तर वाचत नाही. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, फुप्फुसाले वाईट, ओल्या फडक्यानं पुसा. जोडताना प्लेट मधोमध बसवायले जुना मेन शाफ्ट घाला, अन् पहिले काही दिवस भरलेली ट्रॉली लावू नका, रिकाम्या गाडीनंच लायनिंग बसू द्या.